नाश्तावाले सर

सरांनी कधी कुणाला "कसा आहेस?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारत, "सकाळी काय खाल्लंस?" हॉलच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलीला हाच प्रश्न. मुलं चपला काढता काढता सांगत. थेपले, बिस्किटं, रात्रीची खिचडी, काहीच नाही. सर मान हलवत आणि पुढच्याकडे वळत. तासाभरानं तीच मुलं एकमेकांशी लढून रिंगमधून खाली आली, की सर त्यांची हनुवटी धरून डोळ्यांत बघत आणि पुन्हा विचारत, "सकाळी काय खाल्लंस?" मुलं त्यांच्या माघारी त्यांना नाश्तावाले सर म्हणत. सरांना ते माहीत होतं.

मला पहिले काही दिवस वाटलं, मुलं उपाशीपोटी येत असतील म्हणून विचारत असतील. एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या तरुणपणी त्यांचा एक जोडीदार होता. मॅचच्या मधल्या मिनिटात त्याला त्याच्या कोचनं विचारलं, ठीक आहेस ना? तो म्हणाला, ठीक आहे. पुढं लढला, जिंकलाही. संध्याकाळी घरी जाऊन जेवायला बसला तेव्हा त्याला हातातला घास तोंडात घालायचा हे कळेना. तो पुढं बरीच वर्षं जगला, पण त्याला भरवावं लागे. "ताई, बॉक्सरला ठीक आहेस का असं विचारायचंच नसतं," सर म्हणाले. "तो पडेपर्यंत ठीकच असतो. सकाळचा नाश्ता विचारायचा. डोक्याला खरं लागलेलं असलं की आधी सकाळ पुसली जाते."

मी तिथं कशी गेले ते सांगते. बडोद्यात तरसालीला आमच्या गल्लीच्या टोकाशी सोसायटीचा पत्र्याचा हॉल होता. तिथं सर संध्याकाळी बॉक्सिंग शिकवत. मी घरी साड्यांना फॉल लावून देई, गोधड्या शिवून देई. एक दिवस सर दारात आले. बुटके, रुंद, नाक एका बाजूला वळलेलं. मी घाबरून दाराच्या आड झाले. ते म्हणाले, "गोधड्या तुम्हीच शिवता ना? माझ्याकडे एक मोठी गोधडी आहे. लोखंडी साखळीला टांगलेली."

ती गोधडी म्हणजे मुलं जिच्यावर ठोसे मारतात ती बॅग. जाड कॅनव्हासची, आत शिंप्यांकडच्या चिंध्या ठासून भरलेल्या. मार खाऊन खाऊन चिंध्या खाली बसतात. खालचा भाग दगडासारखा होतो आणि वर पोकळ राहतं. म्हणून दर महिन्याला ती उतरवून, उसवून, सगळं बाहेर काढून पुन्हा भरावी लागते. चिंध्यांतली बटणं, हूक, चेन आधी चाचपून काढायची, नाहीतर एखाद्या मुलाची बोटं मोडतील. मग तोंड पोती शिवायच्या दाभणानं शिवायचं. बॅगा तीन होत्या, त्यामुळं एक ना एक नेहमी माझ्या पुढ्यात असे. मी रिंगच्या उजव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसे. मला बोलायचं काम नव्हतं, म्हणून ते काम मला आवडलं. मुलं मला मासी म्हणत आणि विसरून जात.

सर मूळचे जुन्या बडोद्यातल्या घडियाळी पोळातले. आजोबा संस्थानात कारकून, वडील शाळेत मास्तर, भाऊ ऑफिसात. "आमच्या घरात सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या," ते म्हणत, "माझी सही लोकांच्या नाकावर." त्यांनी स्वतः नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात पाळ्या केल्या आणि उरलेल्या वेळात बॉक्सिंग. लग्नात सासऱ्यांनी विचारलं होतं, मुलाचं नाक असं का? वडिलांनी सांगितलं, लहानपणी जिन्यावरून पडला.

बॉक्सिंगला माणसं का येतात आणि का जातात, यावर त्यांनी आयुष्यभर विचार केला होता. मुलं हातांना पट्ट्या गुंडाळत असताना ते माझ्याशी बोलत. खरं म्हणजे माझ्याकडे बघत आणि स्वतःशी बोलत. त्यांच्या लहानपणी बडोद्यात कुस्तीचा मान. ठोसे मारणं म्हणजे गोऱ्या साहेबांचं खूळ. मग पेपरात परदेशातल्या चॅम्पियनचे फोटो यायला लागले आणि पोरं आली. "दोन पावसाळे टिकली," सर म्हणत. मग कराटे आलं आणि पोरं तिकडं गेली. एका वडिलांनी तर तोंडावर विचारलं होतं, "कराटेमां तो बेल्ट मळे, सर. पीळो, लीलो, काळो. आमां शुं मळे?"

सर म्हणाले, "मार खाऊन उभं राहता येतं."

"मार तो घरे पण मळे छे," ते म्हणाले आणि मुलाला घेऊन गेले.

हे सांगताना सर पोट धरून हसत. हसून झालं की म्हणत, "पण तो माणूस बरोबर बोलला. दर चार महिन्यांनी नवा पट्टा दिसला की आईबापांना वाटतं पोरगं पुढं सरकलं. बॉक्सिंगमध्ये सुजलेला ओठ दिसतो. बॉक्सिंग लोकांना फार आवडतं, ताई. दुसऱ्याच्या पोराचं."

पुढं कधीतरी आपल्याकडची एक मुलगी परदेशात पदक घेऊन आली. टीव्हीवर दिवसभर तेच. तेव्हा चक्क मुली आल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. हेतल तेव्हाच आली, फरसाणवाल्याची मुलगी, दोन वेण्या, दहा वर्षांची. बाकीच्या मुली वर्षभरात गेल्या, ही राहिली. तिचं उत्तर रोज एकच असे, "चा ने खाखरो, सर." सर म्हणत, "अगं, कधीतरी दुसरं काही खा. मला कळणार कसं?" ती हसे.

त्यानंतर मोबाईलवरची जाळीतली मारामारी आली. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं, लाथा, गुडघे, गळा दाबणं, सगळं चालतं. मुलं सरांना दाखवत. सर चष्मा वर करून बघत. "बाप रे, दहा सेकंदांत निकाल," ते म्हणाले. "आमचा डावा हात वर्षभर शिकवावा लागतो, तो बघायला आता कुणाला वेळ आहे?" त्यात राग नव्हता. त्यांना ती पोरंही दमदार वाटत. पण हायवेवर तसला पिंजरा, आरसे आणि गाणी असलेली नवी जिम उघडली आणि आमच्या दाराशी सुटणाऱ्या चपला कमी होत गेल्या.

त्याच सुमारास ती दुसरी गोष्ट सुरू झाली. ती आधी फक्त मला कळली.

एका मुलाला दारात सरांनी नाश्ता विचारला. तो म्हणाला, पौवा, म्हणजे पोहे. सर दोन पावलं गेले, परत आले आणि पुन्हा विचारलं. मुलाला वाटलं गंमत करतात. मग लढत झाल्यावर सरांनी त्याची हनुवटी धरली, प्रश्न विचारला, त्यानं उत्तर दिलं आणि सर नुसते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नव्हतं.

सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. बराच वेळ चिंध्या चाचपत राहिले.

"ताई, त्या पोरानं दारात काय सांगितलं होतं?"

"पौवा," मी म्हटलं.

"आणि त्याच्या आधीच्यानं?"

"भाखरी आणि लोणचं."

"तुम्हाला सगळ्यांचं आठवतं?"

"कान रिकामेच असतात, सर."

त्यांनी एक बटण शोधून माझ्या हातात दिलं. "मीही चाळीस वर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेत," ते म्हणाले. "माझ्या वेळी मला नाश्ता विचारणारं कुणी नव्हतं."

मग त्यांनीच ठरवून दिलं. लढत झाली की ते प्रश्न विचारतील आणि माझ्याकडे बघतील. उत्तर बरोबर असेल तर मी शिवत राहायचं. चूक असेल तर दाभण मांडीवर ठेवायचं. "बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही नको आणि मलाही."

त्या दिवसापासून माझं शिवणं शांत राहिलं नाही. दार उघडलं की हातातला टाका अर्धवट राही. कोण आलं, काय म्हणालं. हिनं ढोकळा, त्यानं दूध, याचा उपास. घरी भाजी चिरतानाही मी घोकत असे. एखाद्याचं मला ऐकूच आलं नाही तर? दोघांचं एकमेकांत मिसळलं तर? कुणाच्या तरी मुलाचं डोकं माझ्या कानांवर ठेवलेलं होतं आणि त्याच्या आईला ते माहीत नव्हतं. मी तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं. रोज ठरवत असे, आणि रोज दाभण घेऊन बसत असे. सांगितलं असतं तर सरांचं सगळं गेलं असतं, आणि मला सांगायचं धाडसही नव्हतं. यातलं खरं कारण कोणतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटची वेळ सोडली तर त्या वर्षभरात मी दाभण खाली ठेवलं ते एकदाच. एक मोठा मुलगा दारात "दूध" म्हणाला होता आणि लढतीनंतर म्हणाला, "शेव-उसळ." सरांनी लगेच त्याचे ग्लोव्ह्ज उतरवले, खाली बसवलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. तो रडकुंडीला आला. "सर, दारात खोटं बोललो. तिखट खाल्लं म्हटल्यावर तुम्ही ओरडाल म्हणून." सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "म्हणजे डोक्याला लागल्यावर खरं बोललास!" त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मुलांना वाटलं देवाला जोडले.

हॉल सोसायटीचा. कमिटीचे मनुभाई बोलायला गोड, पण त्यांनी सरळ सांगितलं, "सर, सात छोकरांओ माटे आखो हॉल? गरबा क्लासवाळा बे वरसथी मागे छे." नवरात्रीपर्यंत मुलं वाढली नाहीत तर हॉल गरब्याला जाणार. त्यावर हायवेच्या जिमच्या मालकानंच एक गोष्ट सुचवली. रविवारी सकाळी आमची मुलगी विरुद्ध तुमची मुलगी, तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच बॉक्सिंगच्या नियमांनी. लोक बघतील. जो जिंकेल त्याच्याकडे मुलं. मनुभाईंना ते फार आवडलं. सरांना नाही आवडलं, पण हेतल म्हणाली, "सर, मने लडवा दो." ती तेव्हा अठराची होती. आठ वर्षं तिनं त्या हॉलमध्ये घाम गाळला होता, आणि पोस्टरवर स्वतःचं नाव तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्या रविवारी ती सगळ्यात आधी आली. सर खुर्च्या मांडत होते. "सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"आजे गळे उतर्युं ज नही, सर. एक केळं खाल्लं, बस." सालही तिच्या हातातच होतं. ते मी घेतलं आणि बाहेर टाकून आले.

दहा वाजेपर्यंत हॉल भरला. इतकी माणसं मी तिथं कधी पाहिली नव्हती. मी माझ्या कोपऱ्यात बसले. शिवायला काही नव्हतं तरी एक फाटकी बॅग मांडीवर घेतली होती, सरांना दिसावी म्हणून.

पहिली फेरी हेतलची झाली. डावा हात असा सुटत होता की जिमवाल्यांची पोरंही ओरडायला लागली. दुसऱ्या फेरीच्या शेवटी समोरच्या मुलीचा उजवा हात हेतलच्या कानाच्या वर, हेल्मेटच्या कडेला बसला. ती पडली नाही. उलट तिनंच तीन-चार ठोसे मारले आणि लोक उभे राहिले. घंटा झाली. तेव्हा मी पाहिलं, ती एक पाऊल दुसऱ्याच कोपऱ्याकडे गेली आणि मग वळली. टाळ्यांमध्ये ते कुणाला दिसलं नसेल.

सरांनी तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी धरली.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चा ने खाखरो, सर!" ती ठणठणीत आवाजात म्हणाली. हॉलमधली आमची सातही मुलं हसली. रोजचंच उत्तर ते. त्याच्याइतकं बरोबर वाटणारं दुसरं उत्तर नव्हतं.

मी दाभण मांडीवर ठेवलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. पण मधे मनुभाई उभे होते, मोबाईल वर धरून, आणि त्यांच्या मागे आणखी चौघं. सर डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. त्यांना मी दिसत नव्हते. मी हात वर केला, तर पुढच्या माणसाला वाटलं मला टाळ्या वाजवायच्या आहेत. तोही वाजवायला लागला. एका मिनिटाची विश्रांती. हेतल दातांत ठेवायचं रबर परत तोंडात घालत होती. दहा सेकंद उरल्याची शिट्टी झाली. सर तिच्याकडे वळले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. ऊठ म्हणून.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. मनुभाईंना बाजूला ढकललं, ते आठवतं. रिंगच्या दोरीला धरलं.

"केळं, सर," मी ओरडले. "तिनं केळं खाल्लंय."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सर माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की, ताई?"

"नक्की. साल मी टाकलं."

उरलेली शेवटची फेरी नुसती उभी राहून काढली असती तरी हेतल जिंकली असती. हे मला कळत होतं, तर सरांना किती कळत असेल. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगच्या मध्यावर टाकला. कोचचा टॉवेल पडला की लढत सोडली, हार मानली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकच गलका. "आ शुं कर्युं, सर?" मनुभाई ओरडले. "छोकरी जीतती हती! केळुं के खाखरो, शुं फेर पडे?"

सर दोरीला टेकून उभे राहिले. मी त्यांना नाही म्हणून मान हलवली, पण ते बोललेच. "फरक पडतो, मनुभाई. पण तो मला आता कळत नाही. तिनं सकाळी काय सांगितलं ते मला आठवत नव्हतं. वर्ष झालं, मला कुणाचंच आठवत नाही. या ताई माझ्यासाठी आठवतात."

मनुभाईंचा वर धरलेला मोबाईल खाली आला. तेवढ्यात हेतल स्टुलावर बसल्या बसल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "मासी, मारी मॅच क्यारे छे?" मॅच कधी आहे, असं ती विचारत होती.

मनुभाईंनीच तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिला चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ठोसा बसला असता तर आम्ही काही सांगू शकलो नसतो. आता ती बरी आहे, कॉलेजात जाते. बॉक्सिंग सुटलं. दिवाळीला फरसाण घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मासी, तमे न बोल्यां होत तो हुं जीती जात." मी विचारलं, "ने पछी? पुढं काय?" ती फरसाणाच्या पुड्याची गाठ सोडायला लागली. जाताना मात्र वाकून पाया पडली.

त्याच आठवड्यात आईवडिलांनी मुलं काढून घेतली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही काढली असती. नवरात्रीच्या आत हॉलमध्ये मोठे स्पीकर आले. एका आईनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "वर्षभर तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती तशीच निघून गेली. ते अजून बोचतं.

हॉल रिकामा करायच्या दिवशी सरांनी शेवटची बॅग उतरवली आणि माझ्या दारात आणून टाकली. "उसवा," म्हणाले. "आता भरायची नाही." मी चिंध्या काढल्या. वर्षानुवर्षं मार खाऊन त्या इतक्या मऊ झाल्या होत्या की धुतल्यावर तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारख्या लागत. मी त्यांची गोधडी शिवायला घेतली.

सर आता घडियाळी पोळात मुलाकडे असतात. महिन्यातून एकदा मी दुपारची जाते. शिवण बरोबर नेते, कारण हातात काही नसलं तर मला कुणाच्या घरी बसता येत नाही. त्यांची सून वैशाली चहा टाकते. सर कधी ओळखतात, कधी बॅगांबद्दल बोलतात, कधी नुसतेच गोधडीवरून हात फिरवतात. माझा पत्ता त्यांना आठवत नाही, पण बटण राहिलं असेल तर त्यांच्या बोटांना ते अजून सापडतं.

मागच्या वेळी गेले तेव्हा वैशाली दारातच म्हणाली, "मावशी, आज जरा त्रास दिला. सकाळपासून उपम्याचे चार घास, तेही मीच भरवले." सर खिडकीशी बसले होते. मी समोर बसून शिवायला लागले. धावदोऱ्याची एक ओळ पुरी झाली. मग माझ्याच तोंडून निघालं. आजवर मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"सर, सकाळी काय खाल्लंत?"

ते ताठ बसले. कपाळाला आठ्या पडल्या. मॅचच्या मधल्या मिनिटात मुलं शोधत तसं त्यांनी डोळ्यांनी सगळीकडे शोधलं.

"शेव-उसळ," ते म्हणाले.

आणि त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं.

मी शिवत राहिले.